वात, रजोगुण, एमबीटीआय आणि सापाचा मेंदू: एका तक्त्याला उत्तर

दहावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. साताऱ्याच्या पाहुण्यांकडून तोच पुन्हा येतो. वर ठळक अक्षरांत 'मनाचा एकच नकाशा', खाली रकाने. वातासमोर रजोगुण, पित्तासमोर सत्त्वगुण, कफासमोर तमोगुण. पुढे ग्रीक वैद्यांचे चार स्वभाव, त्यापुढे एमबीटीआय या अमेरिकन स्वभावचाचणीचे सोळा प्रकार, मग नवरस, मग मेंदूचे तीन थर, आणि शेवटच्या रकान्यात सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. तळाला मजकूर असा: 'नावं वेगळी, सत्य एकच. ऋषींनी सांगितलं ते पाश्चात्त्यांनी आता सिद्ध केलं. मुलाची प्रकृती ओळखा आणि शाखा निवडा, कारण स्वभावाला औषध नाही.'

मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते. निकालानंतर पालक मुलांना घेऊन बोलायला येतात, त्यामुळे हा तक्ता नुसता वाचून सोडून देणं मला जमत नाही. तासगावकडच्या एक ताई तो लॅमिनेट करून घेऊन आल्या होत्या. एका समुपदेशन वर्गात मुलीची प्रकृती कफ निघाली, म्हणजे ती तमोगुणी, म्हणजे तिला सायन्स झेपणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. मुलगी शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. विज्ञानात तिला चांगले गुण होते. ते गुणपत्रकावर छापलेले होते, तरी आईचा विश्वास तक्त्यावर जास्त होता.

मनाची वेगवेगळी मॉडेल एकमेकांना जोडून बघण्याला माझा अजिबात विरोध नाही. स्वभाव, भावना आणि मेंदू यांचा अभ्यास तीन वेगळ्या खोल्यांत बसून फार काळ झाला, आणि या खोल्यांमधली दारं उघडणं हे आज मानसशास्त्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे असं मी मानते. म्हणूनच ते काम आकडे जुळवून उरकलेलं बघवत नाही. तक्त्यातले दावे एकेक करून घेते.

'वात-पित्त-कफ म्हणजेच रज-सत्त्व-तम'

याला उत्तर द्यायला पाश्चात्त्य संशोधनाची गरजच नाही, चरकसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ पुरेसा आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात श्लोक आहे: 'वायुः पित्तं कफश्चोक्तः शारीरो दोषसंग्रहः। मानसः पुनरुद्दिष्टो रजश्च तम एव च॥' शरीराचे दोष तीन: वात, पित्त, कफ. मनाचे दोष दोन: रज आणि तम. सत्त्व हा दोष नाहीच. म्हणजे तक्त्यात तिनासमोर तीन मांडलेत, पण मूळ ग्रंथात तिनासमोर दोन आहेत, आणि ते मुद्दाम वेगळ्या यादीत ठेवलेत. लगेच पुढच्या श्लोकात उपायही वेगळे सांगितलेत. शारीरिक दोषांना दैवी उपाय आणि युक्तीने योजलेली औषधं. मानसिक दोषांना ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी. दोन्ही एकच असते तर चिकित्सा दोन तऱ्हांची कशाला सांगितली असती? शरीर आणि मन एकमेकांवर परिणाम करतात हे चरकाला पक्कं ठाऊक होतं. पण परिणाम करणं वेगळं आणि एकच असणं वेगळं.

आता कफाचं बघू, कारण त्या मुलीचं सगळं त्यावरच अडलं होतं. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात कफप्रकृतीच्या माणसांचं वर्णन करताना शेवटी चरक म्हणतो की अशी माणसं बलवान, धनवान, विद्यावान, ओजस्वी, शांत आणि दीर्घायुषी असतात. विद्यावान! ज्या ग्रंथाचं नाव घेऊन मुलीला 'अभ्यास झेपणार नाही' म्हटलं, तो ग्रंथ कफप्रकृतीला विद्येचं माणूस म्हणतो. तक्ता करणाऱ्याने चरक उघडलेला नाही, एवढंच यातून दिसतं, आणि ऋषींचा मान राखण्याची ही रीत मला मान्य नाही.

त्रिगुणांची गोष्ट आणखी निराळी. सांख्य दर्शनाच्या मते सत्त्व, रज आणि तम हे सगळ्या प्रकृतीचे घटक आहेत. दगडातही तिन्ही, माणसातही तिन्ही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत त्यांना दिव्याची उपमा आहे: परस्परांहून वेगळे असूनही एकत्र येऊन काम करणारे. त्यामुळे 'हा मुलगा तमोगुणी' असं एका रकान्यात बसवणं सांख्यांच्याच मांडणीत बसत नाही. आणि सातारकरांना तर हे वेगळं सांगायला नको. सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या कितीतरी घरांत दासबोध रोज वाचला जातो. त्याच्या दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण यांच्या लक्षणांचे वेगवेगळे समास आहेत. समर्थांनी ते सांगितले ते ऐकणाऱ्याने स्वतःला तपासावं, काही सोडावं, काही धरावं यासाठी. बदल शक्य आहे हे गृहीत धरूनच ती सगळी यादी आहे. बदल अशक्य म्हणणाऱ्या तक्त्यात ती आणून बसवणं म्हणजे समर्थांच्या तोंडी त्यांच्या उलट बोलणं घालणं.

'ग्रीकांनी हेच चार स्वभाव करून घेतले'

इथे फार वेळ घालवत नाही. ग्रीक परंपरेत, दुसऱ्या शतकातल्या गॅलनपर्यंत, चार द्रव मानले गेले: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. या चारांत वायू नाही. आयुर्वेदात काळं पित्त नाही. रक्त आपल्याकडे दोष नाही, शरीर घडवणारा धातू आहे, सुश्रुताने त्याला विशेष महत्त्व दिलं तरी. कफ आणि पित्त जुळले म्हणून उरलेलं ओढूनताणून बसवायचं काय कारण?

मात्र या चार स्वभावांचं पुढे काय झालं हे सांगायला हवं, कारण जोडणी कशी करावी याचा तो चांगला नमुना आहे. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी स्वभावाची दोन मापं घेतली: माणूस किती बहिर्मुख, आणि भावनिकदृष्ट्या किती अस्थिर. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोपरे होतात. अस्थिर आणि बहिर्मुख तो तापट. अस्थिर आणि अंतर्मुख तो खिन्न. स्थिर आणि बहिर्मुख तो आनंदी, स्थिर आणि अंतर्मुख तो थंड. जुनी वर्णनं बऱ्यापैकी बसली. पण हे करताना आयझेंक यांनी आधी मोजलं, मग जुळवलं, आणि काळं पित्त खरं असतं असा निष्कर्ष काही काढला नाही. लोकांच्या निरीक्षणात तथ्य असू शकतं आणि त्यामागचं कारण साफ चुकीचं असू शकतं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

'चरकाचे सोळा, अमेरिकेचे सोळा. हा योगायोग नव्हे'

तक्त्यातला लोकांना सगळ्यात जास्त पटणारा भाग हाच. मला आलेल्या बहुतेक फॉरवर्डमध्ये या ओळीवर तीन तीन उद्गारचिन्हं होती. म्हणून इथे जरा थांबू.

चरकाच्या शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात मनाचे सोळा प्रकार खरोखरच आहेत. सात्त्विक सात: ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर, गांधर्व. राजस सहा: आसुर, राक्षस, पैशाच, सार्प, प्रैत, शाकुन. तामस तीन: पाशव, मात्स्य, वानस्पत्य. सात, सहा आणि तीन मिळून सोळा. एमबीटीआयचे सोळा कुठून आले? चार प्रश्नांना प्रत्येकी दोनच उत्तरं, म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक उत्तराला एक इंग्रजी अक्षर, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. एका ठिकाणी निरीक्षणातून केलेली यादी आहे, दुसऱ्या ठिकाणी गुणाकार. पाचवा प्रश्न घातला असता तर बत्तीस झाले असते, मग आपण कुठल्या ग्रंथात बत्तीस शोधत बसलो असतो? शिवाय 'मात्स्य' मनासमोर एमबीटीआयची कुठली चार अक्षरं लिहायची हे त्या तक्त्यात सांगितलेलंच नाही.

एमबीटीआयमागे मायलेकी आहेत: कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरून त्यांनी प्रश्नावली बेतली. युंगमध्ये नसलेली चौथी जोडी त्यांनी घातली. त्यांचा हेतू चांगला होता, मेहनतही प्रचंड होती. अडचण दोन भागांत कापण्याची आहे. कृष्णेला पाणी वाढलं की आपण सगळे आयर्विन पुलाजवळची पातळी बघतो: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. प्रशासनाला रेघ मारावीच लागते, ती कामाची आहे. पण पावणेपंचेचाळीस आणि सव्वापंचेचाळीस फुटांवरचं पाणी दोन जातींचं नसतं. बहिर्मुखपणाचे गुण मोजले तर बहुतेक माणसं मधोमध सापडतात, दोन टोकांना दोन ढीग पडत नाहीत. मधल्या माणसांना रेघेच्या या किंवा त्या बाजूला ढकललं की ती पुढच्या वेळी सहज दुसऱ्या बाजूला जातात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर बऱ्याच जणांचं कमीत कमी एक अक्षर बदलतं ते यामुळेच.

आणि हे चरकाला माहीत होतं. सोळा प्रकार सांगण्याच्या आधी तो स्वच्छ म्हणतो की या तिन्हींतल्या प्रत्येकाचे भेद अपरिसंख्येय आहेत, तरतमामुळे. कमीजास्तपणामुळे प्रकार मोजता येत नाहीत, आणि हे सोळा केवळ समजावण्यापुरते. आधुनिक मानसशास्त्र प्रकारांकडून मापांकडे वळलं ती दिशा या एका वाक्यात आहे. तक्ता करणाऱ्याला चरकाची खरोखर थोरवी सांगायची होती तर हे वाक्य सांगायचं होतं. सोळाचा आकडा नव्हे.

मापांकडे वळलेलं हे मॉडेल म्हणजे बिग फाइव्ह. त्याचा जन्म शब्दकोशात झाला. माणसं ज्या फरकांची दखल घेतात त्यांना भाषेत शब्द मिळतात, या विचाराने १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी कोशातून माणसांचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द काढले. आपल्याकडे भिडस्त, हेकट, लाघवी, तिरसट, चेंगट, घुम्या, दिलदार असे शब्द काढत बसलं तर काय होईल, कल्पना करा. पुढच्या काही दशकांत अनेकांनी ते शब्द लोकांवर लावून, कुठले शब्द एकत्र चालतात ते मोजलं, आणि पाच गट वारंवार वर आले: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता, नव्या अनुभवांची ओढ.

आता खरी जोडणी. १९८९ साली मॅक्रे आणि कॉस्टा यांनी एकाच माणसांना एमबीटीआय आणि बिग फाइव्ह अशी दोन्ही मापं लावली. एमबीटीआयच्या चार जोड्या बिग फाइव्हमधल्या चारांशी जुळल्या. पाचवं माप, भावनिक अस्थिरता, एमबीटीआयमध्ये सापडलं नाही. चिंता, खचून जाणं, छोट्या गोष्टीने उन्मळून पडणं याबद्दल ती चाचणी काहीच बोलत नाही. दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबापांना ज्याची सगळ्यात जास्त काळजी असते, नेमकं तेच गाळलेलं. ही माहिती दोन मॉडेल प्रामाणिकपणे शेजारी ठेवली म्हणून मिळाली. जोडणीने काय जुळतं ते कळावं, तसं काय जुळत नाही तेही कळावं. तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही, यावरूनच मला त्याचा संशय येतो.

बिग फाइव्ह हे अंतिम सत्य आहे असंही कुणी समजू नये. अॅश्टन आणि ली यांनी अनेक भाषांतल्या शब्दांवरून सहावं माप मांडलं, प्रामाणिकपणा आणि विनम्रतेचं. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच गट नीट उमटलेच नाहीत. शेती आणि शिकारीवर जगणारा, लहान वस्त्यांचा तो समाज. शहरी, शिकलेल्या माणसांवर बेतलेलं माप सगळीकडे चालेल असं धरून चालता येत नाही.

'नवरस म्हणजे नऊ मूलभूत भावना'

हे वाचून सांगलीकराला तरी खटकायला हवं होतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथे उभं केलं, त्या दिवसामुळे ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात रस आणि भाव यांची गल्लत होऊ नये.

भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठ आहेत. शांत हा नववा नंतरच्या परंपरेतून आला, काश्मीरच्या अभिनवगुप्ताने तो भक्कमपणे मांडला. पण मुख्य मुद्दा वेगळाच. रस ही पात्राच्या मनातली भावना नव्हे, प्रेक्षकाला येणारा आस्वाद आहे. भावनेला भरत स्थायीभाव म्हणतो: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. रंगमंचावर सीता टाहो फोडते, तिसऱ्या रांगेतल्या आजी पदराने डोळे पुसतात आणि मध्यंतरात 'काय सुंदर रंगलंय' म्हणतात. घरात कुणी गेल्यावर होणारा शोक आणि हा करुण रस एकच असते तर तिकीट काढून नाटकाला कोण आलं असतं?

तुलना करायचीच तर स्थायीभावांशी करा, आणि मग ती खरोखर विचार करायला लावते. पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांपर्यंत जाऊन चेहऱ्यांवरचे भाव तपासले आणि सहा मूलभूत भावना मांडल्या: राग, भीती, किळस, दुःख, आनंद, आश्चर्य. क्रोध, भय, जुगुप्सा, शोक, विस्मय हे पाच समोरासमोर बसतात. हास आणि आनंद जवळचे आहेत, पण हसू येणं आणि आनंद होणं यांत फरक आहे. रती आणि उत्साह एकमनच्या यादीत नाहीतच. विशेषतः उत्साह, म्हणजे वीररसाचा पाया, काहीतरी करून दाखवण्याची उमेद. प्राण्यांच्या मेंदूंचा अभ्यास करणाऱ्या याक पांकसेप यांनी सात मूळ भावयंत्रणा मांडल्या, त्यांत शोधत सुटण्याची, पुढे झेपावण्याची एक वेगळी यंत्रणा आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या यंत्रणांवरून प्रश्नावली करून ती बिग फाइव्हशी ताडूनही पाहिली. भरताचा उत्साह या शोधक यंत्रणेशी किती जवळचा, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण तो प्रश्न आहे. तक्त्यात बसवण्याजोगं उत्तर नाही.

आणि 'पाश्चात्त्यांनी सिद्ध केलं' म्हणावं तर पाश्चात्त्यांमध्येच यावर मोठा वाद आहे. जेम्स रसेल यांनी १९८० साली भावना दोन मापांवर मांडल्या: सुखद की दुःखद, आणि शरीर किती चाळवलेलं. लिसा फेल्डमन बॅरेट तर म्हणतात की भावना तयार साच्यातून येत नाहीत. शरीरातल्या संवेदना, प्रसंग आणि आपल्या संकल्पना यांच्यातून मेंदू त्या त्या क्षणी घडवतो. विभाव (भावनेची कारणं), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी लक्षणं) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते असं भरत म्हणतो, तेव्हा मला बॅरेट यांची आठवण एकमनपेक्षा जास्त होते. पण भरताला नाटक उभं करायचं होतं. त्याच्या तेहतीस व्यभिचारी भावांत निद्रा, व्याधी आणि मरणही आहे. मानसशास्त्राच्या यादीत मरण ही भावना म्हणून कुणी घालणार नाही. नटाला मात्र ते करून दाखवावं लागतं.

'मेंदूचे तीन थर म्हणजे तीन गुण'

खालचा सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू म्हणजे तम, मधला सस्तनाचा म्हणजे रज, वरचा माणसाचा म्हणजे सत्त्व. ही तीन मजली इमारत पॉल मॅकलीन यांची, १९६० च्या दशकातली. ती फार गाजली. उत्क्रांती आणि तुलनात्मक मेंदूशास्त्र जाणणाऱ्यांनी ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. मासे, सरडे, पक्षी, माणूस, सगळ्यांच्या मेंदूचा मूळ आराखडा एकच आहे, त्यातले भाग प्रत्येक वंशात वेगवेगळे वाढले. जुन्या मेंदूवर नवा मेंदू चढवला गेला असं घडलेलं नाही. आपल्यासारखी सहा थरांची मेंदूची साल कावळ्याला नसते, तरी तो हत्यार वापरून कोडी सोडवतो. २०२० साली सिझारिओ आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनाच खडसावलं की ही चूक शिकवणं थांबवा. भीती खालच्या मजल्यावर आणि विचार वरच्या, अशी वाटणी मेंदूत नाही. निर्णय घेताना दोन्ही मिसळलेलेच असतात.

बरं, चरक सापाबद्दल काय म्हणतो? सार्प, म्हणजे सापासारखं, मन त्याने राजस गटात घातलंय, तामस गटात नाही. तक्त्याचे दोन रकाने इथे एकमेकांनाच खोडून काढतात.

'आता जनुकांनीही सिद्ध झालं'

याचा आधार म्हणून बहुधा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१५ चा अभ्यास पुढे केला जातो. अभ्यास चांगला आहे. तीन हजारांहून जास्त माणसं तपासून, ज्यांची प्रकृती ठळकपणे एकच दिसते असे २६२ पुरुष निवडले, आणि त्यांच्या जनुकांत काही फरक आढळले. पित्तप्रकृतीशी पीजीएम१ या जनुकाचा संबंध दिसला. पण हा शरीरप्रकृतीचा अभ्यास. त्यात त्रिगुण नाहीत, नवरस नाहीत, एमबीटीआय नाही, शाखानिवड तर नाहीच. बाई एकही नाही. आणि हजारोंतून ठळक प्रकृतीची मोजकीच माणसं निघाली यावरून उरलेले बहुसंख्य मिश्र आहेत हेही कळतं. तुमचं मूल बहुधा त्या बहुसंख्यांतलंच.

'पण वर्णन तंतोतंत जुळतं ना!'

हे तक्त्यात लिहिलेलं नाही, पण प्रत्येक पालक हेच म्हणतो. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून कागद दिला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता.

मी दर वर्षी हे वर्गात करून दाखवते. बंद पाकिटं वाटते. आत मराठीत लिहिलेलं असतं: तुम्ही बाहेरून शांत दिसता पण मनात बरंच चाललेलं असतं, जवळच्या माणसांसाठी जीव टाकता, पण त्याची जाण ठेवली जात नाही असं तुम्हाला कधीकधी वाटतं, तुमच्यात अजून न वापरलेली क्षमता आहे. वाचताना मुलांच्या माना हलतात. एखादी मुलगी कागदाची घडी घालून वहीत ठेवते. मग शेजारच्याशी कागद बदलायला सांगते. वर्ग आधी गप्प होतो, मग एकदम गलका. त्या गलक्यातून ती मुलं जे शिकतात ते माझ्या कुठल्याच व्याख्यानातून शिकत नाहीत. जुळल्यासारखं वाटणं हा पुरावा होत नाही.

'स्वभावाला औषध नाही, म्हणून प्रकृतीप्रमाणे शाखा'

ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे आणि मला ती मुलांच्या बाबतीत ऐकवत नाही. चरकाने मनाच्या दोषांवर उपाय दिलेत ते वर आलंच. आजचा पुरावाही त्याच बाजूचा आहे. २०१७ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मानसोपचारासारख्या प्रयत्नांनी स्वभावाची मापं सरकतात असं दिसलं, सगळ्यात जास्त भावनिक स्थैर्याचं. उपचारांचा काळ सरासरी २४ आठवडे. पूर्ण कायापालट नाही, पण चिंतेने पोखरलेल्या मुलाला हा फरक जगण्याइतका मोठा वाटू शकतो.

स्वभाव आणि भावना यांना जोडणारं माझ्या मते सगळ्यात सुंदर काम विल्यम फ्लीसन यांचं. २००१ साली त्यांनी लोकांना दिवसातून अनेकदा, कित्येक दिवस विचारलं: आत्ता या घडीला तुम्ही किती बोलके, किती शिस्तीत, किती अस्वस्थ? एकाच माणसात दिवसभरात दिसणारा चढउतार माणसामाणसांतल्या फरकाइतकाच मोठा निघाला. आणि तरीही प्रत्येकाची सरासरी आठवड्यामागून आठवडा स्थिर राहिली. म्हणजे घुम्या मुलगाही मित्रांत खुलतो, बडबडी मुलगीही पाहुण्यांसमोर गप्प बसते, आणि तरी त्यांचा स्वभाव म्हणून काहीतरी असतंच. क्षणाच्या भावना आणि आयुष्यभराचा स्वभाव यांच्यामधला पूल असा मोजून बांधता येतो.

शाखेबद्दल बोलायचं तर स्वभावाचा अभ्यासाशी संबंध आहे, पण किती? आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली शंभराहून जास्त नमुने एकत्र केले. सगळ्यात जास्त संबंध कर्तव्यदक्षतेचा निघाला, सुमारे ०.२२. सोप्या भाषेत, मुलांच्या गुणांतल्या फरकांपैकी जेमतेम पाच टक्के भाग त्यातून कळतो. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत शाळा, घर, झोप, शिक्षक, क्लासची फी, बुद्धी, आवड आणि नशीब आहे. पाच टक्क्यांवरून सायन्सचं दार बंद करायचं? तेही मापलेल्या कर्तव्यदक्षतेवरून नाही, तर कफावरून?

स्वभाव, कल आणि कुवत हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना वेगवेगळी मापं लागतात. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची चाचणी घेतली ती कलाची होती, प्रकृतीची नव्हती. त्या ताईंना मी तेच सांगितलं: गुणपत्रक समोर आहे, ते वाचा. मुलीला विचारा की सुट्टीत कुठला धडा तिने कुणी न सांगता उघडला. अकरावीचं विज्ञानाचं पुस्तक एखाद्या ओळखीच्या मुलीकडून आणा, तिला आठवडाभर चाळू द्या. तिने पहिल्यांदाच मान वर करून 'बायोलॉजीचं आणा' म्हटलं.

ज्यांना खरोखर वाटतं की आयुर्वेदातल्या प्रकृतीचा आणि आजच्या मानसशास्त्रातल्या स्वभावाचा धागा जुळतो, त्यांना एक विनंती. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, मानसशास्त्राचे विभाग आहेत, आणि अभ्यासाला तयार होतील अशी हजारो मुलं आहेत. आधी दोन वैद्यांनी, एकमेकांशी न बोलता, त्याच विद्यार्थ्यांची प्रकृती ठरवावी आणि दोघांचं किती जुळतं ते पाहावं. ते बऱ्यापैकी जुळलं तर त्याच विद्यार्थ्यांना मराठीत नीट तपासलेली स्वभावाची प्रश्नावली द्यावी, वैद्यांना तिचे गुण न दाखवता. सहा महिन्यांनी दोन्ही पुन्हा. कुठला संबंध सापडेल असं वाटतं ते आधीच लिहून पाकीट बंद करून ठेवावं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढंच निवडता येणार नाही. आणि जे येईल ते, रिकाम्या रकान्यांसकट, छापावं. यातल्या प्रश्नावलीची आणि आकडेमोडीची बाजू सांभाळायला मी तयार आहे. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतात तेव्हा सुरुवात करता येईल.